वीस रुपयांची मांदेली

हर्णैच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर
शेवंती पावसे टोपली मांडून बसते.
तिथून मी एकतीस वर्षं
नाकाला पदर लावून शाळेत गेले.
आज तिच्यासमोर उकिडवी बसले.
"बर्वेबाई, तुमी? हितं?"
"वीस रुपयांची मांदेली दे."
वाक्य घरून पाठ करून आले होते.

दोष मांजरीचा नव्हता.
मीच तिला पहिल्या दिवशी उंबऱ्यावर बसवून सांगितलं,
या घरात ते चालत नाही.
आणि ती, गोकर्णीच्या फुलासारख्या डोळ्यांची
म्हणून नावही गोकर्णी,
पटल्यासारखी बसली.
दूधभात. मुगाची आसट खिचडी.
फणसाची उकडलेली आठळी, बोटांनी चिरडून.
उंदीर धरू नये म्हणून गळ्यात घुंगरू.
उंदीर शहाणे झाले,
मी शेजारी सांगत सुटले,
आमची गोकर्णी अगदी सोवळ्यातली हो!

मोत्याला हेच सगळं मानवलं.
भाकरी, भोपळा, कुळथाची पिठी,
शेपूट अशी की अंगण झाडून निघावं.
त्याच्याकडे बघून मी तिचंही गृहीत धरलं.

मग एकदा तिने माशीवर पंजा टाकला
तो माशी उडून गेल्यावर.
मग पायरी चुकली.
मग रहाटाच्या कट्ट्याला कपाळ आपटून
तिथेच बसून राहिली,
कट्टा तिथे कसा आला याचा विचार करत.

दापोलीला डॉक्टर मुकादमांनी
तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली.
"कुत्र्याचं निभतं बाई, नीट जमवलं तर.
मांजराचं नाही. तिला जे लागतं
ते डाळीत नसतं."
कागदावर एक शब्द लिहिला, टॉरिन.
गोळ्या दिल्या.
"काळीज कदाचित सावरेल.
डोळे गेले ते गेले."

रागावले नाहीत.
तेच मुकादम, सहावी ब, खिडकीजवळचा बाक,
ज्यांच्या डब्यात सुकट असायची म्हणून
मी वर्षभर त्यांना
व्हरांड्यात बसून जेवायला लावलं.
आठवत असेल का?
गोकर्णीच्या पोटावरून ते हात फिरवत राहिले
आणि मी त्या हाताकडे बघत राहिले.
पैसे घेतले नाहीत.
घेतले असते तर बरं झालं असतं.

"डोकं चिमटीत धरायचं नि वडायचं,
आतडं मागनं आपसूक येतं," शेवंतीने दाखवलं.
परसात तीन दगड, जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं.
पहिली मांदेली हातातून तीनदा निसटली,
सोनेरी, थंड,
एखादं नाणं ओलं व्हावं तशी.
चौथ्यांदा मी डोळे मिटले आणि ओढलं.
मीठ नाही, हळद नाही, नुसती उकडली.
नंतर राख, रिठा, लिंबाची साल.
वास गेला नाही.
त्याच हातांनी देवांना आंघोळ घातली.
बाळकृष्णाने काही तोंड वाकडं केलं नाही.

घुंगरू काढून कोनाड्यात ठेवलं आहे.
आता ती भिंतीला मिशा घासत
वासाच्या दोरीने येते,
ताटलीत तोंड घालते
आणि घशातून एक आवाज काढते
जो चार वर्षांत मी ऐकला नव्हता.
मी चार हात लांब, पाटावर, पदर नाकाला.
सवय आहे.
मी स्वतः खात नाही, खाणारही नाही,
जीव तो जीव, हे मला अजून वाटतं.
पातेलं घासताना तर फारच वाटतं.

काल शेवंती म्हणाली,
"उद्या वारा हाय, बोटी जायच्या न्हाईत.
सुकट नेऊन ठेवा."
"सुकट," मी म्हटलं,
आणि पुढचं बोलता येईना.
तिला काय कळलं कोण जाणे,
पुडी बांधता बांधता सोडली
आणि एक मूठ वर टाकली.